हेर्त्सोगेनआउराखच्या घरात गेम कन्सोल जोडताना

आदिदास आणि प्यूमाच्या या गावाजवळच एरलांगेन आहे. एमपी३ ज्या फ्राउनहोफर संस्थेत घडलं, ती तिथलीच. या परिसरात राहायला आलेल्या मराठी कुटुंबांसाठी :

■ वीज : भारतात आणि जर्मनीत २३० व्होल्ट, ५० हर्ट्झच. घरून आणलेल्या प्लेस्टेशन ५ला ट्रान्सफॉर्मर नको. फक्त दोन गोल पिनांची जर्मन वायर घ्या.

■ चित्र : कन्सोल टीव्हीच्या एचडीएमआय २.१ पोर्टला लावा. ४के चित्र सेकंदाला १२० फ्रेम्सने हवं असेल, तर कन्सोलसोबतचीच केबल वापरा. टीव्हीवर ‘गेम मोड’ सुरू करा. बटण दाबल्यावर होणारा उशीर कमी होतो.

■ आवाज : टीव्हीच्या ‘ईएआरसी’ पोर्टमधून दुसरी केबल रिसीव्हरला जोडा. रिसीव्हरलाही ईएआरसी असेल, तर कन्सोलमध्ये ‘लिनियर पीसीएम’ निवडा. नुसतं ‘एआरसी’ किंवा ऑप्टिकल असेल, तर ‘डॉल्बी’ निवडा. नाहीतर पाच स्पीकर असूनही आवाज स्टिरिओच राहील.

■ शेजार : रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ. सबवूफरची धडधड भिंतीपलीकडे पोचते, म्हणून तेव्हा हेडफोन वापरा.