पट्टा आणि पुली

विजेच्या मोटारीवर चालणारी पिठाची गिरणी आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. तींत मोटारीची शक्ति दगडापर्यंत पोंचविण्याचें काम एक पट्टा व दोन पुल्या करितात. काम साधें दिसतें. परंतु पुलीची निवड चुकली तर पीठ करपतें, पट्टा तुटतो, आणि प्रसंगीं माणसाच्या जिवावर बेततें. म्हणून या विषयाचीं मूलतत्त्वें आम्ही येथें थोडक्यांत सांगत आहों.

प्रथम वेगाचा हिशेब पाहूं. एकच पट्टा दोन्ही पुल्यांवरून धांवत असल्यामुळें, व्यास व मिनिटास होणारे फेरे यांचा गुणाकार दोन्ही पुल्यांचा सारखाच येतो. समजा, मोटार मिनिटास १४४० फेरे घेते व गिरणी बनविणाऱ्यानें दगडास ४८० फेरे नेमून दिले आहेत. वेग एकतृतीयांश व्हावयाचा, तर मोटारीवर ५ इंची व दगडाच्या दांड्यावर १५ इंची पुली हवी. सपाट पट्टा किंचित् घसरतो, तेव्हां प्रत्यक्ष फेरे थोडे कमीच भरतात.

आतां दळण लवकर व्हावें म्हणून कोणीं मोटारीवर ६ इंची पुली बसविली, तर दगड ५७६ फेरे घेऊं लागेल. वेग वाढला शेंकडा २०. परंतु दगडास फोडूं पाहणारें बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतें, म्हणून तें शेंकडा ४४ वाढेल! दगड फुटून तुकडे उडण्याचें भय तें हेंच. शिवाय अधिक भार पडून मोटार तापते ती निराळीच. उलटपक्षीं मोटारीवरील पुली फारच लहान घेतली, तर तिच्यावर पट्टा जोरानें वांकून लवकर झिजतो व त्याची पकडही कमी होते.

पुली बसवितांना प्रथम वीज बंद करावी. चावी दांड्याच्या खांचेंत घट्ट बसावी. मात्र पुलीवर हातोड्याचे घाव घालूं नयेत, कारण ते बेअरिंगला बाधतात. मग दोन्ही पुल्यांच्या कडांवरून दोरी ताणून धरावी. पुल्या सारख्या रुंदीच्या असतील, तर दोरी चारही ठिकाणीं टेकली पाहिजे. न टेकल्यास पट्टा एका बाजूनें झिजणार हें निश्चित. सपाट पट्ट्याची पुली मध्यभागीं किंचित् फुगीर असते. पट्टा उंच भागाकडे चढत असल्यामुळें तो निसटत नाहीं. व्ही-आकाराचा पट्टा मात्र खांचेच्या दोन्ही बाजूंस चिकटून बसावा, तळास टेकूं नये. कारण त्याची सारी पकड बाजूंचीच असते. पट्टा सैल राहिल्यास घसरून तापतो. फार ताणल्यास बेअरिंग खराब होतें.

शेवटीं एक गोष्ट पालकांनीं व विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत ठेवावी. धांवत्या पट्ट्यावर जाळी असलीच पाहिजे. धोतराचा सोगा, साडीचा पदर किंवा मुलीची वेणी पट्ट्यांत सांपडली, तर हात पुढें करून सोडविण्यास अवधि मिळत नाहीं. जाळीवांचून चालणाऱ्या गिरणींत दळण घेऊन गेल्यास पट्ट्यापासून दूर उभें राहावें, आणि मालकास जाळी बसविण्याविषयीं निःसंकोच सांगावें.