कोअर ब्रँच आणि आपल्या मुली

सीईटीचा निकाल लागला की घराघरांत अभियांत्रिकी प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची बैठक बसते. मुलगी असेल तर कॉम्प्युटर, आयटी ही नावं वर जातात आणि मेकॅनिकल, सिव्हिल या कोअर ब्रँच तळाला. ‘साइटवर कुठे उन्हातान्हात फिरणार?’ एवढ्यावर विषय मिटतो. तुला काय आवडतं, असं तिला कुणी विचारलं तरी ती काय सांगणार? लेथ चालताना तिने कधी पाहिलेलं नसतं, पुलाचं काम कसं चालतं तेही ठाऊक नसतं. आपल्याकडच्या पहिल्या स्त्री अभियंत्यांची चरित्रं वाचताना म्हणूनच एक गोष्ट ठळकपणे जाणवते: हे काम त्यांच्या घरातच होतं.

शकुंतला भगत 1953 मध्ये मुंबईच्या व्हीजेटीआयमधून सिव्हिल इंजिनिअर झाल्या. तिथून ही पदवी घेणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. वडील एस. बी. जोशी हे नामांकित पूल अभियंता. पुढे आयआयटी मुंबईत शिकवत असताना शकुंतलाबाईंचं लक्ष पुलाच्या सांध्यांवर खिळलं. सुटे भाग कारखान्यात तयार करायचे, ट्रकने डोंगरात न्यायचे आणि लांबी-रुंदी व भारानुसार जागेवर जोडायचे, अशी पद्धत त्यांनी व पती अनिरुद्ध भगत यांनी विकसित केली. 1970 मध्ये दोघांनी ‘क्वाड्रिकॉन’ ही कंपनी काढली आणि 1972 मध्ये हिमाचलातल्या स्पितीत त्यांचा पहिला पूल उभा राहिला. 1978 पर्यंत काश्मीर ते अरुणाचल असे 69 पूल झाले. इतकं काम करणाऱ्या या बाईंचं नाव आपल्या शालेय पुस्तकांतून प्रत्येक मुलीपर्यंत पोचायला हवं.

त्याआधीची ए. ललिता यांची गोष्ट मद्रासची. अठराव्या वर्षी वैधव्य आलं तेव्हा पदरात चार महिन्यांची मुलगी होती. डॉक्टरकी केली तर वेळी-अवेळी घराबाहेर राहावं लागेल, म्हणून त्यांनी अभियांत्रिकी निवडली. वडील गिंडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रिकलचे प्राध्यापक होते; त्यांनी प्राचार्यांकडे शब्द टाकला. पण वसतिगृहात ललिता एकट्या पडल्या. मग कॉलेजनेच मुलींसाठी प्रवेशाची जाहिरात दिली आणि लीलम्मा जॉर्ज व पी. के. थ्रेसिया सिव्हिलला आल्या. ललितांनी नंतर भाक्रा-नांगलच्या वीजवाहिन्यांच्या आराखड्यावर काम केलं, तर थ्रेसिया 1971 मध्ये केरळच्या मुख्य अभियंता झाल्या. त्या जाहिरातीचं मोल मला फार वाटतं. एकटीला प्रवेश दिला म्हणजे काम संपलं, असं त्या कॉलेजने मानलं नाही.

शिक्षण झालं तरी नोकरीचं दार उघडेलच असं नव्हतं. 1974 मध्ये टेल्कोच्या, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सच्या, जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नयेत असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी त्याबद्दल थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि त्यांना नोकरी मिळाली. कायद्याचाही अडसर होता. 1948 च्या कारखाने कायद्यानुसार स्त्रियांना साधारणपणे सकाळी 6 ते संध्याकाळी 7 एवढ्याच वेळेत काम देता येई. तीन पाळ्यांत चालणाऱ्या कारखान्याला मुलगी न घेण्यासाठी हे आयतंच कारण होतं. महाराष्ट्राने 2015 मध्ये कायदा बदलून सुरक्षिततेच्या अटींवर रात्रपाळी खुली केली. आज त्याच टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात हॅरिअर आणि सफारीच्या जुळणीची अख्खी लाइन महिला चालवतात.

वर्गात मात्र जुनी खोड अजून टिकून आहे. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, कानस दोन्ही हातांनी धरून अंगाचा भार पुढे टाकत घासायची आणि मग गुण्या लावून उजेडाकडे धरायची. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासायची. हात भरून येतात, पण मोजमापाचा अर्थ तिथेच कळतो. मिश्र गटात बरेचदा असं होतं की यंत्राला हात मुलगे लावतात आणि जर्नल मुली लिहितात, कारण त्यांचं अक्षर चांगलं! महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने 1991 मध्ये पुण्यात मुलींसाठी सुरू केलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, आजच्या कमिन्स कॉलेजात, ही वाटणीच होऊ शकत नाही. जर्नल लिहिणारी आणि कानस धरणारी, दोघी मुलीच.

सरकारने पैशाची बाजू बरीच सावरली आहे. आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या मुलींना, केंद्रीय प्रक्रियेतून प्रवेश घेतल्यास, राज्यात 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. आयआयटींनी 2018 पासून मुलींसाठी जादा जागा काढल्या आणि सुमारे 8 टक्क्यांवर अडलेलं प्रमाण 20 टक्क्यांच्या घरात नेलं. पण हिंगोली किंवा नंदुरबारच्या पालकांना फीइतकीच खोलीची, मेसची आणि शेवटच्या एसटीची काळजी असते. तालुक्याच्या तंत्रनिकेतनाजवळ मुलींचं चांगलं वसतिगृह नसेल, तर फीमाफीचा कागद घरातच पडून राहतो.

आणि ज्यांच्या घरात हे काम दिसत नाही त्यांना ते पाहता यावं, म्हणून शाळांनी आठवी-नववीच्या मुलींची एक तरी सहल एसटीच्या विभागीय कार्यशाळेत, एमआयडीसीतल्या फाउंड्रीत किंवा एखाद्या जलविद्युत केंद्रात न्यावी. माहिती सांगायला तिथलीच एखादी महिला अभियंता असावी आणि मुलींना वाटेल तितके प्रश्न विचारू द्यावेत.