तुकूम ते सिरोंचा: स्थानिकांसारखं बाहेर खाताना

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत बाहेरचं खाणं पाटीवर कमी आणि घड्याळावर जास्त चालतं. कोणत्या हॉटेलात जायचं याआधी कोणत्या वेळी जायचं, हे इथल्या माणसाला ठाऊक असतं. सकाळी नऊनंतर पोहे मागणाऱ्याला परातीच्या तळाचे कोरडे पोहे मिळतात. मटण रात्री आठला हवं असेल तर दुपारीच सांगून ठेवावं लागतं. वास्त्यांची, म्हणजे बांबूच्या कोंबांची, भाजी तर पावसाळ्याखेरीज दिसतच नाही. बाहेरगावचा माणूस मेनूकार्ड शोधतो आणि पनीरच्या तीन प्रकारांवर समाधान मानून परततो. त्यात दोष त्याचा नाही. या भागातले चांगले पदार्थ कार्डावर छापलेलेच नसतात.

चंद्रपूर हे गोंडराजांच्या राजधानीचं, परकोटाचं शहर. जुनी वस्ती कोटाच्या आत आहे, तर जटपुरा गेटबाहेर ताडोब्याच्या रस्त्याने तुकूम, पुढे दुर्गापूर आणि ऊर्जानगर अशी नवी वस्ती वाढत गेली. २९२० मेगावॉट क्षमतेचं महाऔष्णिक वीज केंद्र आणि दुर्गापूरच्या कोळसा खाणी यांच्या आधाराने ही उपनगरं उभी राहिली. इथल्या खाण्याची वेळापत्रकं कामगारांच्या पाळ्यांनी ठरवली आहेत. रात्रपाळी संपवून घरी निघालेला आणि सकाळपाळीला निघालेला, दोघेही एकाच गाडीसमोर उभे राहतात. म्हणूनच तुकूममध्ये उत्तम नाश्ता हवा असेल, तर दुकानाच्या सजावटीपेक्षा समोर उभ्या असलेल्या सायकली आणि मोटारसायकलींकडे पाहावं.

या नाश्त्याचा राजा म्हणजे तर्री-पोहा. नागपूरने त्याचं नाव गाजवलं, पण चंद्रपूरच्या गाड्यांवर तो तितक्याच निष्ठेने बनतो. पाण्याने भरलेला गंज शेगडीवर उकळत असतो आणि त्याच्या तोंडावर पोह्यांची परात बसवलेली असते. खालच्या वाफेमुळे पोहे तासभर मऊ आणि गरम राहतात. शेजारच्या पातेल्यात हरभऱ्याचा रस्सा असतो. रात्री भिजवलेले गावरान चणे शिजवून घेतात. कांदा, सुकं खोबरं, आलं-लसूण यांचं वाटण सढळ तेलात परततात आणि त्यात लाल तिखट पडतं. रस्सा मंद आचेवर रटरटला की तेल सुटून वर तरंगतं. हीच तर्री. गाडीवाला परातीतले पोहे प्लेटमध्ये सैल हाताने टाकतो, वर डावभर चणे, मग पातेल्याच्या पृष्ठभागावरून डाव अलगद फिरवून तर्री, त्यावर कच्चा कांदा, सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि लिंबाची फोड. “भाऊ, तर्री मारके” असं म्हटलं की तिखट वाढतं. नवख्याने आधी फक्त रस्सा मागावा. पोहे अर्धे झाले की रस्सा पुन्हा मागायला लाजू नये, तो बहुधा मिळतो.

दहा वाजता परात रिकामी होते आणि कढई तापते. आलूबोंडा, समोसा, कचोरी, मिरचीचे भजे आणि मूगवडे निघतात. आलूबोंडा फोडून त्यावर तोच चण्याचा रस्सा ओतून खाण्याची रीत आहे. हिवाळ्यात याच्या जोडीला सांबारवडी येते: बेसनाच्या पातळ पारीत परतलेल्या सांबाराचं भरगच्च सारण भरून तळलेली, कढीबरोबर खायची. ताज्या कोथिंबिरीचे ढीग बाजारात असतात तेव्हाच ती खावी.

एप्रिल-मेमध्ये सारं गणित बदलतं. चंद्रपूरचा पारा ४७ अंशांच्या वर गेल्याची नोंद अनेकदा झाली आहे. अशा दिवसांत दुपारी रस्ते ओस पडतात. खाणं पहाटे आणि सूर्य मावळल्यावरच होतं. त्या काळात उसाचा रस, मठ्ठा, पन्हं आणि ज्वारीची आंबील यांना मागणी असते.

जेवणाचा प्रश्न आला की मातीकडे पाहावं लागतं. पश्चिमेला वरोरा, भद्रावती, राजुरा ही काळ्या मातीची, कापूस आणि ज्वारीची बाजू. पूर्वेला मूल, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरी आणि पुढे गडचिरोलीचा बराच भाग हा तलावांचा आणि धानाचा मुलूख. यालाच झाडीपट्टी म्हणतात. पहिल्या बाजूच्या खानावळीत भाकरी आणि झुणका मागावा, दुसऱ्या बाजूच्या खानावळीत भात. झाडीपट्टीत भात हाच जेवणाचा कणा असतो आणि भाज्या त्याला ओलावा देण्यासाठी रसदार केलेल्या असतात. खानावळीत ‘एचएमटी’चा भात मिळाला तर त्यामागचा माणूस आठवावा. नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून हे वाण वाढवलं. ते देशभर पसरलं. दादाजी मात्र अखेरपर्यंत तंगीतच राहिले आणि २०१८ मध्ये गेले. चंद्रपूरच्या प्रत्येक भोजनालयाच्या भिंतीवर त्यांची तसबीर असायला हवी होती.

धान निघाल्यावर त्याच ओलसर बांध्यांत लाखोळी होते. तिच्या डाळीच्या विक्रीवर १९६१ पासून राज्यात बंदी होती, ती २००८ मध्ये उठली. लाखोळीच्या कोवळ्या पाल्याची भाजी आणि डाळीचे वडे हे घरोघरचे पदार्थ आहेत. लाखोळी हेच मुख्य अन्न म्हणून महिनोन्महिने खाल्लं तर पायांना इजा होऊ शकते. अधूनमधून वडा खाण्याने काही बिघडत नाही.

मटणाचं प्रकरण वेगळं आहे. ‘सावजी’ नावाच्या पाट्या सर्वत्र दिसतात. ही मुळात नागपूरच्या कोष्टी समाजाची पाककला आहे आणि तिच्या जाळ मसाल्याने इथे घर केलं आहे. मटणासोबत दारूचा विषय निघतोच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. इतक्या वर्षांच्या बंदीमुळे गडचिरोलीत परमिट रूमची संस्कृती वाढली नाही. तिथे बाहेर जेवणं म्हणजे कुटुंबासह खानावळीत किंवा ढाब्यावर जेवणं. जेवणानंतर पानठेल्यावर पुढे केला जाणारा खर्रा मात्र नाकारावा. सुपारी, तंबाखू आणि चुन्याच्या या मिश्रणाने गडचिरोलीत इतकं नुकसान केलं की त्याविरुद्ध २०१६ पासून ‘मुक्तिपथ’ अभियान चालवावं लागलं.

बाहेरून आलेल्या माणसांनी इथलं ताट रुंद केलं आहे. बल्लारपूरला कागद कारखाना, खाणी आणि दिल्ली-चेन्नई लोहमार्गावरचं मोठं जंक्शन आहे. तेलुगू आणि हिंदी भाषक कामगारांच्या वस्तीमुळे तिथला इडली-डोसा कुणाला परका वाटत नाही. १९६० च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना गडचिरोलीच्या चामोर्शी, मुलचेरा भागात वसवलं गेलं. तिथल्या बाजारात मासळी आणि छेन्याची मिठाई जिव्हाळ्याने विकली जाते. प्राणहिता-गोदावरीच्या संगमावरच्या सिरोंचात भाषाही तेलुगू आणि आंबटपणाही तेलुगू वळणाचा.

जंगलाचं अन्न यापैकी कुठल्याच हॉटेलात सहसा मिळत नाही. ते मिळतं आठवडी बाजारात आणि रोजच्या गुजरीत, टोपली घेऊन बसलेल्या बाईपाशी. पावसाळ्याच्या सुरुवातीला तरोट्याची कोवळी पानं येतात, मग वास्ते. वास्ते बारीक चिरून, उकळून, त्यांचा उग्रपणा काढून भाजी करतात. वारुळांवर उगवणाऱ्या सात्या ही आळिंब्यांची जात तर काही दिवसांचीच पाहुणी; तिचा भाव मटणाशी बरोबरी करतो. पावसाळा सरला की मामा तलावांतले शिंगाडे निघतात, उकडून काळे झालेले ढीग बसस्टँडजवळ लागतात. याच माजी मालगुजारी तलावांतले झिंगे आणि मासे ढिवर समाजाच्या हातून बाजारात पोचतात. उन्हाळ्यात टेंभरं (तेंदूची फळं), चारं (चारोळीची फळं) आणि मोहफुलं येतात. मोह म्हणजे दारूच असा समज शहरांत पक्का आहे, पण मोहफुलांचे लाडू करणाऱ्या महिला बचत गटांनी तो खोटा ठरवला आहे.

दिवाळी झाली की झाडीपट्टीत मंडई म्हणजे गावच्या जत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती यांचा हंगाम सुरू होतो. वडसा-देसाईगंजच्या नाटकमंडळ्या गावोगाव जातात आणि नाटक रात्रभर चालतं. त्या रात्री मंडपाबाहेर जी दुकानं लागतात, तिथे भजी, आलूबोंडे, जिलेबी आणि चहा पहाटेपर्यंत मिळतो. घराघरांत पाहुणे आलेले असतात आणि मटणाचा बेत असतो. ओळखीच्या माणसाने जेवायला बोलावलं तर नाही म्हणू नये. झाडीपट्टीचं सर्वांत चांगलं जेवण पैशांनी मिळत नाही.

मंडईच्या तारखा आणि बाजाराचे वार गावागणिक वेगळे असतात, ते निघण्याआधी विचारून घ्यावेत. टोपलीवाल्या मावशीशी भावावरून घासाघीस करू नये, कारण ती भाजी तिने रानात फिरून गोळा केलेली असते. भाजी कशी करायची हेही तिलाच विचारावं, ती सांगते. सात्या हव्या असतील तर गुजरीत सकाळीच पोचावं, दुपारपर्यंत त्या उरत नाहीत.