हिब्रू ग्रंथांतील लग्ने आणि वधूचा होकार

यहुदी लोकांच्या हिब्रू धर्मग्रंथात लग्ने पुष्कळ आहेत. हाच ग्रंथ ख्रिस्ती मंडळी ‘जुना करार’ म्हणून वाचतात. त्यात पुरुष बायको ‘घेतो’ आणि बाप मुलगी ‘देतो’, अशीच भाषा सहसा आढळते. आपल्याला ती परकी वाटायची नाही. मुलगी दिली, मुलगी करून घेतली, असे आपणही बोलतोच की! पण देणारा बाप आणि घेणारा जावई यांच्यामध्ये ती मुलगी स्वतः काही बोलते का? तिला कोणी विचारते का?

या प्रश्नाला उत्तर म्हणून नेहमी रिबकेची गोष्ट सांगतात. रिबकेला विचारले होते, हे खरेच. पण केव्हा विचारले आणि काय विचारले, तेही पाहायला हवे. उत्पत्ती या पहिल्या पुस्तकाच्या 24 व्या अध्यायात ही हकीकत आहे.

म्हाताऱ्या अब्राहामाला आपल्या मुलासाठी, इसहाकासाठी, भाऊबंदांतलीच मुलगी हवी होती. त्याने आपल्या जुन्या सेवकाला शपथ घालून माहेरच्या मुलखात धाडले. निघण्यापूर्वी सेवकाने एक शंका काढली. बाईची माझ्यामागून यायची इच्छाच नसली तर? अब्राहामाने सांगितले, तिची इच्छा नसेल तर तू शपथेतून मोकळा. म्हणजे बघा, मुलगी कोण हे ठरण्याआधीच तिच्या इच्छेचा उल्लेख दोनदा झाला. इतक्या जुन्या कथेत हे येते, याचे मला तरी नवल वाटते.

पुढे सेवक विहिरीवर पोचतो. रिबका त्याला पाणी देते, त्याच्या दहा उंटांनाही पाजते. तो तिला सोन्याची नथनी आणि दोन कांकणे देतो. तिचा भाऊ लाबान ते सोने पाहतो आणि पाहुण्याला आणायला धावतो. हा लाबान पुढेही भेटणार आहे, त्याला लक्षात ठेवा. मग घरी बैठक होते. सेवक जेवायलाही न बसता सारी हकीकत पुन्हा सांगतो. याच ठिकाणी तुम्ही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून वाचा. आठव्या ओवीत अब्राहामाचे म्हणणे होते की बाई राजी नसेल तर तू मोकळा. एकेचाळिसाव्या ओवीत सेवक तेच सांगतो, पण ते असे होते की घरच्यांनी मुलगी दिली नाही तर मी मोकळा. बाईची इच्छा गळाली, तिच्या जागी घरच्यांची आली! बाप आणि भाऊ समोर बसलेले असताना सेवकाने हे मुत्सद्दीपणाने केले, की सांगणाऱ्याला दोन्ही गोष्टी सारख्याच वाटल्या, हे ज्याने त्याने ठरवावे. मला पहिले अधिक पटते.

लाबान आणि बाप बथुवेल तिथल्या तिथे होकार देतात. ही तुझ्यापुढे आहे, घेऊन जा, अशा अर्थाचे ते बोलतात. रिबकेला दागिने आणि वस्त्रे मिळतात, भावाला नि आईला मौल्यवान भेटी मिळतात. लग्न ठरले. रिबकेला अजून कोणी विचारलेले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेवक निघायची घाई करतो. आई आणि भाऊ म्हणतात, पोरीला दहाएक दिवस तरी राहू द्या. तो ऐकत नाही. वाद मिटेना, तेव्हा तिलाच बोलावून तिच्या तोंडून विचारायचे ठरते. या माणसाबरोबर जातेस का, एवढाच प्रश्न. तिचे उत्तर मूळ हिब्रूत एकाच शब्दाचे आहे: जाईन. आता हा प्रश्न ‘हा नवरा पसंत आहे का’ असा नव्हता. आज निघायचे की काही दिवसांनी, यावरून तो निघाला होता. तरी पण तिने नाही म्हटले असते तर सेवक शपथेतून सुटला असता, हेही आपण आधी वाचलेले आहे. म्हणून हा प्रश्न अगदीच वरवरचा होता, असेही म्हणवत नाही.

लाबानाच्या स्वतःच्या मुलींना मात्र एवढाही प्रश्न आला नाही. रिबकेचा मुलगा याकोब धाकट्या राहेलसाठी सात वर्षे राबला, आणि रात्री त्याच्याकडे पाठवली गेली थोरली लेआ. याकोब सकाळी बापावर चिडला, ते ग्रंथात आहे. लेआला काय वाटले, ते नाही. पुष्कळ वर्षांनी त्या दोघी बहिणी एकमुखाने बोलल्या. बापाने आम्हाला परक्यासारखे विकले आणि आलेला पैसाही खाऊन टाकला, अशी त्यांची तक्रार होती.

वराने वधूच्या बापाला द्यायच्या या रकमेला हिब्रूत ‘मोहर’ म्हणतात. आपण तिला देज म्हणू. हा शब्द सबंध ग्रंथात तीनच ठिकाणी येतो, आणि तिन्ही ठिकाणे वाचण्यासारखी आहेत. पहिले दीनेच्या कथेत. शखेम तिच्यावर बळजबरी करतो आणि मग वाटेल तितके मोहर मागा, पण मुलगी द्या, असे तिच्या घरच्यांना विनवतो. बाप गप्प बसतो, भाऊ कपटाने सूड घेतात. अख्ख्या अध्यायात दीनेच्या तोंडी एकही शब्द नाही. दुसरे ठिकाण निर्गम या पुस्तकातल्या कायद्यात. वाङ्‌निश्चय न झालेल्या मुलीला कोणी फूस लावली तर त्याने मोहर भरून तिच्याशी लग्न करावे. बापाने नाकारले तरी रक्कम भरावीच. नकाराचा अधिकार आहे, पण तो बापाचा.

तिसरी गोष्ट मीखलची. शौल राजाची ही मुलगी. तिचे दाविदावर प्रेम होते, असे ग्रंथकार स्पष्ट लिहितो. शौलाने मोहर म्हणून शंभर पलिष्ट्यांच्या अग्रत्वचा मागितल्या. दावीद त्यात मरावा हाच हेतू. दावीद मेला नाही, लग्न झाले. पुढे तो परागंदा झाल्यावर बापाने तिला दुसऱ्याला देऊन टाकले. दाविदाच्या हाती सत्ता येऊ लागली तेव्हा त्याने तिला परत मागवले. तो दुसरा नवरा रडत रडत तिच्या मागून बहूरीमपर्यंत गेला. त्याचे रडणे लिहिले आहे; तिला काय हवे होते, ते विचारलेले नाही. जिच्या प्रेमाची नोंद आहे, तिच्याच बाबतीत हे घडावे!

मग मुलीच्या मनाप्रमाणे लग्न कुठेच नाही का? आहे, आणि ते जमिनीच्या वादातून आले आहे. सलाफहाद नावाचा गृहस्थ पाच मुली मागे ठेवून वारला, मुलगा नव्हता. त्या मुलींनी मोशेपुढे उभे राहून बापाचा वाटा मागितला आणि मिळवला. वतन दुसऱ्या वंशात जाईल अशी वंशातल्या पुरुषांनी हरकत घेतली, तेव्हा निर्णय झाला की त्यांनी आपल्याला बरा वाटेल त्याच्याशी लग्न करावे, फक्त तो आपल्या वंशातला असावा. पाचीजणींनी चुलतभावांशी लग्ने केली. स्वातंत्र्य दिले, पण कुंपण घालून. तरी मुलींच्या पसंतीचे शब्द कायद्याच्या मजकुरात आले, ही गोष्ट लहान नव्हे.

ग्रंथ तिथे संपला, पण वाचणारे संपले नाहीत. तालमुदाच्या पंडितांनी ठरवले की स्त्रीचा विवाह तिच्या संमतीनेच होतो, संमतीवाचून होत नाही. मुलगी मोठी होऊन अमुकच हवा असे म्हणेपर्यंत बापाने तिचा विवाह ठरवू नये, असेही एक मत तिथे आहे. पण मध्ययुगातल्या युरोपातील टीकाकारांनी, परागंदा समाजाचे हाल होत आहेत, आज हुंड्यापुरते आहे ते उद्या असेल की नाही कोण जाणे, अशी कारणे देऊन बालविवाहाला मोकळीक दिली.

अकराव्या शतकात फ्रान्समध्ये राशी हा थोर भाष्यकार होऊन गेला. रिबकेच्या त्या प्रश्नावर भाष्य करताना तो सांगतो की स्त्रीचे लग्न तिच्या संमतीवाचून करू नये, हे इथून शिकावे. आणि याच राशीने पुढच्या अध्यायावर भाष्य करताना हिशेब मांडून रिबकेचे लग्नाच्या वेळचे वय तीन वर्षे धरले आहे! दुसऱ्या पंडितांच्या हिशेबाने ती चौदा वर्षांची होती. मूळ कथेत वयाचा आकडाच नाही. घागर खांद्यावर घेऊन विहिरीत उतरायची आणि दहा उंटांची तहान भागेपर्यंत पाणी भरत राहायची ताकद तिच्यात होती, एवढेच तिथून कळते.