खिशातली बातमी

२५ मे २०२० रोजी अमेरिकेतील मिनिॲपोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा पोलिसाच्या गुडघ्याखाली अंत झाला. पोलिसांनी प्रकृतीचे निमित्त सांगितले; रस्त्यावरच्या एका १७ वर्षांच्या मुलीने मोबाईलवर टिपलेल्या चित्रफितीने ते असत्य उघडे पाडले. नागरिक वार्ताहर झाला, की सत्तेलाही जाब द्यावा लागतो, तो असा! परंतु त्यापूर्वी अशाच मोबाईलवरून मुले पळविणाऱ्या टोळीची कंडी पिकली होती आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात जमावाने डवरी गोसावी समाजाच्या पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचे प्राण घेतले. तेथे पाहिलेले दाखविले गेले. येथे ऐकलेले खरे मानले गेले. बातमी देण्याचा अधिकार प्रत्येकाच्या खिशात आला आहे. ती पारखण्याची जबाबदारी मात्र अजून कोणाच्याच खिशात नाही!