गोधडी विकायची, तर कागद किती लागतात?

आटपाडी तालुक्यात जुन्या लुगड्या-धोतरांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायका गावोगाव आहेत. नात्यात, शेजारात गोधडी हौसेने दिली जाते. विकायचा विषय निघाला की मात्र कागदपत्रांची धास्ती आडवी येते.

गैरसमज: आधी कंपनी काढावी लागते.
वस्तुस्थिती: एकटीच्या मालकीचा धंदा स्वतःच्या नावावर, स्वतःच्या पॅनवर चालतो. 1 जुलै 2020 पासून सुरू झालेली, छोट्या धंद्यांसाठीची उद्यम नोंदणी आधारवर, ऑनलाइन होते आणि तिला सरकारी शुल्क नाही. कुणी पैसे मागितलेच, तर ते फॉर्म भरून देण्याची त्याची मजुरी. खाण्याच्या वस्तूंचं वेगळं आहे: शेंगदाण्याची चटणी घरच्या चुलीवर केली, तरी विक्रीआधी अन्नसुरक्षा नोंदणी हवी.

गैरसमज: पहिल्या रुपयापासून जीएसटी भरावा लागतो.
वस्तुस्थिती: महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला वर्षाच्या 40 लाख रुपये उलाढालीपर्यंत साधारणपणे नोंदणीची सक्ती नाही, सेवा देणाऱ्याला ही मर्यादा 20 लाख. माल राज्याबाहेर विकायचा तर नियम कडक होतात, काही हस्तकलांना तिथेही सवलत आहे. नोंदणी नसताना गिऱ्हाइकाकडून जीएसटी घेणं मात्र बेकायदा.

गैरसमज: शिक्षण नाही, तारण नाही, बँक दारात उभं करणार नाही.
वस्तुस्थिती: मुद्रा योजनेच्या शिशू गटात 50 हजारांपर्यंत बिनतारण कर्ज मिळतं. आणि शेजारच्या म्हसवडचा दाखला आहेच. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा आणि गावातल्या बायकांनी बँकेसाठी केलेला पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायका निरक्षर होत्या. त्या लिहा-वाचायला शिकल्या, व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायच्या तयारीने पुन्हा गेल्या. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

गैरसमज: कापड-दोऱ्याचे पैसे सुटले, की बाकीचा नफा.
वस्तुस्थिती: खरी गोम इथेच आहे. समजा, अस्तर आणि दोरा 400 रुपयांचा, शिवणीला 30 तास लागले आणि गोधडी हजाराला गेली. उरले 600, म्हणजे तासाला 20 रुपये. तोच तास 50 रुपयांचा धरला, तर गोधडीचा नुसता खर्चच 1,900 होतो. नफा त्यावर.

तेव्हा नोंदणीच्या आधी एक वही करा: साहित्य, तास, विक्री. धंद्याचं बँक खातंही घरखर्चापासून वेगळं ठेवा. कर्ज मागायला जाल, तेव्हा हेच आकडे तुमच्या बाजूने बोलतील.