उंदराच्या मादीचे माजचक्र आणि मूषकनियंत्रणाची योग्य वेळ

शेतातील उभ्या पिकाची व साठविलेल्या धान्याची नासाडी करणाऱ्या प्राण्यांत उंदीर व घूस यांचा क्रमांक फार वरचा लागतो. बिळे खणली, सापळे लावले, विषारी आमिष टाकले, तरी दोन-तीन महिन्यांत शिवार पुन्हा उंदरांनी भरून जाते, असा अनुभव अनेक गावी येतो. याचे कारण उपाय निरुपयोगी असतो असे नव्हे. तो पुष्कळदा चुकीच्या वेळी योजलेला असतो. योग्य वेळ कोणती हे जाणण्यासाठी उंदराच्या मादीच्या शरीरात काय घडते ते समजून घेतले पाहिजे.

गाय किंवा म्हैस गाभण राहिली नाही तर सुमारे 21 दिवसांनी पुन्हा माजावर येते, हे प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. उंदराच्या मादीत हेच चक्र अवघ्या चार ते पाच दिवसांत पुरे होते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील लाँग व इव्हान्स या शास्त्रज्ञांनी 1922 साली उंदराच्या माजचक्राचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी, म्हणजे 1923 साली, अ‍ॅलन व डॉइझी यांनी दाखवून दिले की, बीजांडकोश काढून टाकलेल्या माद्यांना डुकरिणीच्या बीजांडकोशातील द्रव टोचला असता त्यांच्यात माजाची लक्षणे उत्पन्न होतात. माज आणणारे द्रव्य बीजांडकोशात तयार होते, हे यावरून सिद्ध झाले. अशा द्रव्यांना संप्रेरके म्हणतात. ती रक्तावाटे शरीरभर फिरतात व दूरच्या अवयवांवर परिणाम घडवितात.

ग्रंथींवर होणारा परिणाम

माज जवळ येतो तेव्हा बीजांडकोशातून इस्ट्रोजेन हे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवते. त्यामुळे गर्भाशयात द्रव साचून ते फुगते. माज ओसरला की तो द्रव निघून जातो. बीज बाहेर पडल्यावर त्या जागी पीतपिंड नावाची लहान ग्रंथी तयार होते व तिच्यातून प्रोजेस्टेरोन हे दुसरे संप्रेरक स्रवते.

दुधाच्या ग्रंथींची रचना झाडासारखी असते. सडापासून निघालेल्या नळ्या कातडीखाली फांद्यांप्रमाणे पसरलेल्या असतात. इस्ट्रोजेनमुळे या नळ्या वाढतात, तर प्रोजेस्टेरोनमुळे त्यांना बारीक उपफांद्या व दूध निर्माण करणाऱ्या कोशांचे अंकुर फुटतात. मादी गाभण राहिली नाही तर यांपैकी बरेचसे अंकुर झडून जातात आणि पुढील चक्रात पुन्हा फुटतात. म्हणजे दर चार-पाच दिवसांनी मादीचे शरीर विण्याची अल्पशी पूर्वतयारी करते आणि ती मोडून टाकते.

नराशी संयोग झाला की चित्र पालटते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रोज ठराविक वेळी स्रवू लागते व त्यामुळे पीतपिंड टिकून राहते. दुधाच्या ग्रंथी आता झपाट्याने वाढतात आणि सुमारे तीन आठवड्यांनी मादी विते, तेव्हा त्या दुधाने भरलेल्या असतात. व्याल्यानंतर एका दिवसाच्या आतच ती पुन्हा माजावर येऊ शकते. म्हणून एका बाजूने पिलांना पाजणे व दुसऱ्या बाजूने नवा गर्भ वाढविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी चालतात. पाजत असलेल्या मादीत नवा गर्भ रुजण्यास काही दिवस उशीर लागतो, एवढाच काय तो फरक. गाईप्रमाणे भाकड काळ तिला जवळजवळ नसतोच.

हिशेब काय सांगतो

जूनच्या आरंभी शेतात एकच जोडी उरली असे समजू. प्रत्येक विताला आठ पिले व त्यांत निम्म्या माद्या धरल्या, तर सप्टेंबरअखेर त्या मादीची चार विते, म्हणजे 32 पिले होतात. पहिल्या विताच्या चार माद्या दोन महिन्यांच्या सुमारास वयात येऊन स्वतः वितात; त्यांची आणखी 32. सर्व जगली असे मानल्यास एका जोडीमागे 64 उंदीर झाले. प्रत्यक्षात पुष्कळ पिले मरतात. तरीही एक मादी सुटल्याने किती नुकसान संभवते, हे या हिशेबावरून ध्यानात येईल.

मात्र हे चक्र अन्नावर अवलंबून असते. मादीची उपासमार झाल्यास माज थांबतो व ग्रंथी सुप्त राहतात. अन्न मुबलक झाले की चक्र पुन्हा सुरू होते. म्हणूनच दाणे भरू लागल्यावर केलेल्या उपायापेक्षा टंचाईच्या दिवसांत केलेला उपाय अधिक फलदायी ठरतो.

ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी काय करावे

सापळ्यात मेलेल्या माद्या पाहाव्यात. घरउंदराच्या लहान जातीत सड साधारण 10, तर मोठ्या उंदरात 12 असतात. घुशीत ही संख्या कमी-जास्त आढळते. सड बारीक व केसांत झाकलेले असल्यास मादी बहुधा अद्याप व्यालेली नाही. सड मोठे असून भोवतालचे केस झिजलेले असल्यास ती पिलांना पाजत होती, असे समजावे. अशा माद्या अधिक आढळू लागल्या की वीण सुरू झाली आहे. विलंब करू नये. उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस हा रोग पसरतो, यास्तव हातमोजे घातल्याशिवाय त्यांना स्पर्श करू नये व मेलेले उंदीर खोल पुरावेत.

मुख्य मोहीम खरिपापूर्वी मे महिन्यात व दुसरी पीक पोटरीत येण्यापूर्वी काढावी. सायंकाळी सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील, त्यांतच आमिष ठेवावे. उंदीर नव्या खाद्याविषयी संशयी असतो. तेव्हा जलद मारणारे विष वापरण्यापूर्वी दोन-तीन दिवस तेल लावलेले साधे धान्य ठेवून त्याला सवय लावावी. विष कृषी विभागाच्या सल्ल्यानेच वापरावे आणि मुले व जनावरे यांपासून दूर ठेवावे. बांध अरुंद व तणमुक्त राखावेत.

एका शेतकऱ्याने एकट्याने केलेला उपाय टिकत नाही. शेजारच्या बांधातील मादी काही आठवड्यांत ती उणीव भरून काढते. सर्व शिवाराने एकाच आठवड्यात, वीण सुरू होण्यापूर्वी, मोहीम हाती घेतली तरच घरात येणारे धान्य वाचेल.